अक्षर बरोबर, मात्रा चूक

"किनारा!" खांद्यावरून नवरा पचकला. "अगं, किनारा! दिसत नाही का तुला? क आहे, न आहे, आता उरलं काय? किनारा!"

वहिनींनी फोन टेबलावर पालथा टाकला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर दोन पावलं मागे सरकला असता. हा कसला सरकतो! त्यानं खुशाल वहिनींच्या बशीतला टोस्ट उचलला, कुरुम करून तोडला आणि म्हणाला, "टाक ना आता. मी सांगितला म्हणून काय बिघडलं? घरातल्या घरातच तर आहे."

घरातल्या घरात म्हणे! घरातल्याच माणसानं चोरी केली तर तिला काय मदत म्हणायचं? वहिनींना हे त्याला ठणकावून सांगायचं होतं. वाक्य मनात तयार होतं, अगदी उद्गारचिन्हासकट. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अहो… तुम्ही… चुरी."

"चुरी? सुरी हवीय? लोण्याला?" नवरा लगबगीनं उठला आणि सुरी घेऊन आला.

आता त्या सुरीचं काय करावं, हे वहिनींना एक क्षण फार स्पष्ट सुचलं होतं. पण त्यांनी मुकाट्यानं टोस्टला लोणी लावलं आणि 'किनारा' टाकला. फोनवर तीनही चौकोन हिरवे झाले, रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि 'शाब्बास!' असं मोठ्या अक्षरात आलं. त्या शाब्बासकीनं तर वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खेळाचं नाव 'आजचा शब्द'. तीन रिकामे चौकोन, सहा संधी. रोज सकाळी कुठला तरी शब्द त्या चौकोनांच्या मागे लपून बसायचा आणि माणसानं तो हुडकून काढायचा. अक्षर आणि मात्रा दोन्ही जुळल्या तर चौकोन पूर्ण हिरवा. अक्षर बरोबर पण मात्रा चुकली तर अर्धाच हिरवा. अक्षर शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, तर पिवळा. आणि काहीच नाही तर राखाडी. वहिनींनी आज सुरुवातीला 'कानस' टाकला होता, कारण घरच्या दुकानातले शब्द त्यांच्या हाताशी असत. का अर्धा हिरवा, न अर्धा हिरवा, स राखाडी. म्हणजे क आणि न जागच्या जागी, मात्रा तेवढ्या निराळ्या. वहिनी कि, कु, को करत एकेक मात्रा लावून बघत होत्या आणि शब्द अगदी दाराशी आला होता. तेवढ्यात हा पचकला.

लोक असले खेळ वेळ घालवायला खेळतात. न जमलं की चडफडतात, जमलं की चार जणांना पाठवतात आणि कामाला लागतात. वहिनींचं तसं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात दुकानात खोकी उतरवता उतरवता त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मेंदूत गुठळी झाली होती. हात आला, पाय आला, तोंडाचा वाकडेपणा गेला, आणि शब्द मात्र मागे राहिले. शब्द गेलेले नाहीत, असं बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई सांगायची. घरात तिला सगळे बोलबाई म्हणत. ती म्हणायची, "शब्द आत आहेत, ताई. वाट बुजलीय फक्त. रोज थोडी थोडी साफ करायची." हा खेळ तिनंच लावून दिला होता, कारण वहिनींचं दुखणं हुबेहूब या खेळासारखंच होतं. दिवा म्हणायला जावं तर दवा यायचा. चावी म्हणायला जावं तर चव. अक्षर बरोबर, मात्रा चूक.

दोनच गोष्टी झटक्यातून धडधाकट सुटल्या होत्या. एक म्हणजे शिव्या. 'जळलं मेलं', 'मसणात जा', आणि याहून वरच्या दर्जाचं पुष्कळ काही, वहिनींच्या तोंडून अडखळल्याशिवाय यायचं. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतात, असं बोलबाई म्हणाली. आणि दुसरा शब्द 'अहो'. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पहिला आला तो हाच. नवऱ्यानं हे साऱ्या गणगोताला कौतुकानं सांगितलं होतं. वहिनींना मात्र संताप यायचा. हजारो शब्दांचा संसार उधळला, आणि हाताला काय लागलं, तर त्याला हाक मारायचा शब्द!

बोलबाईनं नवऱ्याला समोर बसवून बजावलं होतं, "त्यांना शब्द पुरवू नका. अडल्या की थांबा. मनात दहा मोजा." नवऱ्यानं मान डोलावली होती, शहाण्या विद्यार्थ्यासारखी. घरी येऊन तो दहा मोजायचाही, पण एका श्वासात. एकदोनतीनचार असं ओठांशी पुटपुटायचं आणि मग शब्दांची फैर झाडायची. पाणी? पंखा? पावडर? पाय दुखतोय? बिचाऱ्या वहिनी मनात 'पडदा'पर्यंत पोचलेल्या असायच्या आणि ह्याच्या पाणी-पंख्याच्या गर्दीत तो पडदा पुन्हा कुठे तरी हरवायचा. मग त्या हात हलवून म्हणायच्या, जाऊ दे. आणि नवरा समाधानानं म्हणायचा, "दमतेस तू लवकर."

दमते म्हणे! तिला कोण दमवतं ते विचार की.

आणि तरीही त्या खेळात सुख होतं, हे वहिनी नाकारत नव्हत्या. एकदा नवरा आंघोळीला गेला असताना त्यांनी 'चामडं' टाकलं. चा अर्धा हिरवा, म पूर्ण हिरवा. त्या बसून राहिल्या. चमचा? नाही. चिमणी? टाकून पाहिलं. चि हिरवा झाला, म हिरवा, णी राखाडी. मग काहीच सुचेना, शिवी सुचली, ती देऊन झाली, आणि गंजलेला नट अचानक बोटांनी फिरावा तसा शब्द सुटून बाहेर आला. चिमटा! वहिनींनी तो मोठ्यानं म्हटला. फ्रीजला म्हटला, खिडकीला म्हटला, गॅसजवळ जाऊन म्हटला. त्यांना नाचावंसं वाटलं. आपलं डोकं आपलंच आहे, अजून आपल्याला दार उघडतं, असा तो आनंद होता. एवढ्यात नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला, ओले केस झटकले आणि म्हणाला, "चिमटा ना? मी बाथरूममध्येच ओळखला. फोन आत नेला होता."

दुकान होतं हार्डवेअरचं. खिळे, कड्या, नळ, ब्रश, रंग. नवरा आणि धाकटा दीर हिशेब आणि घाऊक खरेदी पाहायचे आणि गिऱ्हाईक वहिनींचं. लग्न होऊन आल्यावर दिरानं दुकानात 'वहिनी' अशी हाक मारली आणि तेव्हापासून त्या साऱ्या बाजाराच्या वहिनी झाल्या. गंमत अशी, की त्यांचं सगळं कामच शब्द ओळखण्याचं होतं. गिऱ्हाईकाला वस्तूचं नाव कुठे माहीत असतं! माणसं यायची आणि हवेत बोटं फिरवून म्हणायची, "ते असतं ना हो, दाराच्या मागे, असं खटकन बसतं." वहिनी दोन प्रश्न विचारायच्या. आत जातं की वरून बसतं? लाकडाला लावायचंय की भिंतीला? आणि खण ओढून वस्तू समोर ठेवायच्या. मागच्या भिंतीला छतापर्यंत लहान लहान खण होते आणि एकाही खणावर नाव लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या वस्तूचा एक नमुना तारेनं बांधलेला, स्क्रूच्या खणाला स्क्रू, वायसरच्या खणाला वायसर. ही पद्धत वहिनींचीच. त्या म्हणायच्या, नाव वाचण्यापेक्षा वस्तू बघून हात लवकर जातो.

झटक्यानंतरही हात जातच होता. मुद्दा तोच तर होता! त्यांना खण ठाऊक होते, मापं ठाऊक होती, फक्त नाव तोंडात यायला वेळ लागत होता. आणि वेळच कुणाला द्यायचा नव्हता.

त्यात ते सुताराचं प्रकरण झालं. जुना सुतार, दुकानाचा नेहमीचा. त्यानं खिशातून वाकडा खिळा काढून विचारलं, "वहिनी, हे काय दिलंत मला?" वहिनींना म्हणायचं होतं, खिळा चांगला आहे, तुमचं लाकूड ओलं आहे. त्यांनी सुताराच्या डोळ्यांत पाहिलं आणि ठामपणे म्हणाल्या, "खुळा." सुतार गोरामोरा झाला. वहिनींनी दुरुस्त करायचं म्हणून बोट त्याच्या हातातल्या खिळ्याकडे रोखलं आणि पुन्हा, आणखी जोर लावून म्हटलं, "खुळा! खुळा!" सुताराचा हात छातीशी होता, त्यामुळे बोट कुणाकडे आहे याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. सुतार निघून गेला. दिरानं मागे पळत जाऊन माफी मागितली. तो सुतार दुसऱ्याच दिवशी हसत परत आला होता, पण त्याची कुणी नोंद घेतली नाही.

त्या आठवड्यात दोघा भावांनी ठरवलं. ठरवलं तेही वहिनींच्या देखत, त्या तिथेच बसलेल्या असताना, जणू त्या ऐकायच्याही बंद झाल्या होत्या.

"तिला आता आराम हवाय," नवरा म्हणाला.

"हो ना. सोमवारपासून काउंटरवर मी बसतो," दीर म्हणाला. "वहिनींनी घरी राहावं. खेळ वगैरे खेळावा फोनवर. तब्येत महत्त्वाची."

"तिलाही तेच हवंय. हो ना गं?"

वहिनींनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं, मला तुम्ही विचारलंत कधी? "म… मला… वि… वि…"

"विश्रांती," नवरा म्हणाला. "बघ, तीच म्हणतेय."

वहिनींनी दात-ओठ खाल्ले. माझ्या तोंडात माझ्याविरुद्धचा शब्द घालतोस? मनातल्या मनात त्या नवऱ्याला केव्हापासूनच अरे-तुरे करत होत्या. त्यांच्याकडे काउंटर सोडून होतं काय? मूलबाळ नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. दिवसभर माणसं येऊन त्यांच्याशी बोलत होती, त्या बोलण्यातूनच वाट साफ व्हायची ती होणार होती. घरी बसवलं तर त्यांची वाचा भिंतींच्या आड सुकून जाईल, हे बोलबाईनं सांगायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी दुकानात गर्दी होती. दीर सोमवारची तालीम म्हणून काउंटरवर उभा होता आणि वहिनींचं स्टूल रंगाच्या डब्यांपाशी मागे नेऊन ठेवलं होतं. 'बसून राहा निवांत,' असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नळ दुरुस्त करणारा प्लंबर आला. त्यानं झिजलेला एक वायसर तळहातावर धरला आणि म्हणाला, "याच मापाचा एक द्या. लवकर द्या, पाणी बंद करून आलोय."

दिरानं तीन खण उपसले, चौथ्यात हात घातला आणि एक काळा वायसर काढला. माप बरोबर होतं. पण वहिनींनी मागून पाहिलं, की झिजलेला वायसर कडेनं मऊ होऊन पसरलाय. रबर असं साध्या झिजेनं पसरत नाही, तापलं की पसरतं. हा गरम पाण्याच्या नळाचा असणार आणि तिथे काळा टिकत नाही, लाल लागतो. त्या उठून काउंटरपाशी आल्या. एकच प्रश्न विचारायचा होता, गरम की गार?

"ग…" वहिनी म्हणाल्या. "गु… ग…"

"गोल?" दिरानं विचारलं.

"गोलच असतो की वायसर!" प्लंबर हसला.

ब्रश घ्यायला आलेला रंगारी पुढे सरसावला. "थांबा थांबा, पहिलं अक्षर तर मिळालं. ग. वहिनी, गळती का?"

वहिनींनी मान हलवली. नाही.

"गच्च!" पडद्याची दांडी घ्यायला आलेली बाई उत्साहानं म्हणाली. "गच्च बसला पाहिजे, असं म्हणताय ना?"

"गंज?"

"गाळ?"

"गाळ नाही हो, मात्रा बघा ना, गु म्हणाल्या त्या. गुंडाळी!"

सगळे हसले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि वहिनींना राग आला तो त्याचाच. वाईट असतं तर भांडता आलं असतं. ही माणसं तर रंगात आली होती. दुकानाच्या मधोमध उभं करून त्यांचा आजचा शब्द केला होता. प्रत्येक चुकीच्या शब्दासरशी 'गरम' एक पायरी मागे जात होता आणि वहिनींना तो जाताना दिसत होता.

हिशेबाच्या टेबलावरून नवरा उठून आला. चेहऱ्यावर केवढा अभिमान! "सरका, तुम्हाला नाही जमायचं. मला सवय आहे." त्यानं वहिनींच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांशी घाईघाईनं काहीतरी पुटपुटला आणि चुटकी वाजवली. "गल्ला! गल्ल्याची किल्ली हवीय तिला." आणि खिशातून किल्ली काढून त्यानं वहिनींच्या हातात कोंबली.

किल्ली काउंटरच्या काचेवर इतक्या जोरात आपटली, की रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला.

"गप्प बस तू!"

शब्द स्वच्छ आले होते. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. प्लंबरनं नजर जमिनीकडे वळवली. दीर तर असा उभा राहिला, जसं कुणी त्यालाच बोललंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाजारात कुणी वहिनींच्या तोंडून नवऱ्याला 'तू' ऐकलं नव्हतं.

नवरा सावरला. हसायचा प्रयत्न करत तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "होतं असं तिचं. दुखण्यामुळे. अहो-जाहोचा गोंधळ उडतो. तिला म्हणायचं असतं एक आणि…"

"चुकलं नाही," वहिनी म्हणाल्या.

दुकानात कुणीच काही बोलेना. बाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, वर पंखा फिरत होता. वहिनींनी डोळे मिटले. रागानं आलेले शब्द फुकट येतात, साधा शब्द मात्र कष्टानं आणावा लागतो, हे त्यांना माहीत होतं. गु नाही. गा नाही. गार आला, तो त्यांनी बाजूला ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. प्लंबरला खरं तर घाई होती, पण तो पायावर पाय बदलत उभा राहिला.

"गरम," वहिनी म्हणाल्या. मग दम घेऊन म्हणाल्या, "पाणी… गरम?"

प्लंबरनं तळहातावरचा वायसर उलटा करून पाहिला. "हो वहिनी. गिझरच्या नळाचा आहे. मी सांगायचंच विसरलो."

वहिनी वळल्या, खालच्या रांगेतला खण ओढला आणि लाल वायसर काढून काउंटरवर ठेवला. पैसे दिरानं घेतले. त्याच्या चेहऱ्यावर एक वायसर विकला तर काय मोठं, असे भाव होते, आणि तसं पाहिलं तर खरंच होतं ते. पण वहिनी पुन्हा रंगाच्या डब्यांपाशी गेल्या नाहीत. दुकान बंद होईपर्यंत त्या काउंटरला टेकून उभ्याच राहिल्या, आणि अधूनमधून पाय दुखत होते म्हणून मनात दोघा भावांना शिव्या देत होत्या.

घरी जेवताना नवरा एक अक्षर बोलला नाही. वहिनींच्या घरात इतकी शांतता झटक्यानंतर पहिल्यांदाच आली होती. ताटं उचलताना शेवटी तो म्हणाला, "लोकांसमोर तू म्हणालीस मला."

"हो."

"मी मदतच करत होतो ना?"

वहिनींनी ताटं नळाखाली ठेवली. नवरा खुर्चीत बसला आणि नळाकडे बघत बोलू लागला. "तुला नाही माहीत. तू तिथे खाटेवर होतीस. तुझ्याकडे बघून मी विचारायचो काहीतरी, आणि तू नुसतं बघायचीस. दिवसचे दिवस. आता तू बोलता बोलता अडलीस ना, की मला तेच दिसतं. मला भीती वाटते गं. काहीतरी बोलून ती जागा भरावीशी वाटते."

हे वहिनींना खरंच माहीत नव्हतं. क्षणभर त्यांना त्याची कीव आली. आणि मग कीव आली म्हणून पुन्हा राग आला. म्हणजे आता ह्याची भीतीही मीच सांभाळायची का? त्यांनी टेबलाची कड धरली आणि शब्द शोधायला लागल्या. नवरा पुटपुटला नाही. कदाचित रुसला होता म्हणून, कदाचित खरोखरच थांबला होता.

"तुमची… भीती," वहिनी म्हणाल्या. "माझ्या… तोंडात… घालू नका."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"आणि… समोर. मी. बसणार."

त्यांना 'सोमवार' म्हणायचं होतं. सोमवारी मी बसणार. स आला, म आला, र आला, व कुठे तरी गळाला आणि मात्रांनी नेहमीप्रमाणे दगा दिला. वहिनींनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण नवरा त्याआधीच म्हणाला, "समोर तूच बस. मी त्याला सांगतो." म्हणजे निकाल तोच लागला. वहिनींनी मग ती चूक तशीच राहू दिली.

सोमवारी सकाळी नवरा चहाचा कप घेऊन मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. वहिनींच्या खांद्यामागे कुणी नव्हतं. त्यांनी फोन उघडला आणि 'टोकरी' टाकला. पहिलाच शब्द, आणि टो चक्क हिरवा! क, र राखाडी. वहिनी खूश होऊन सरसावून बसल्या. 'टोमणा' गेला, वाया. 'टोचणी' गेला, त्यातले च आणि णी दोन्ही राखाडी आले आणि आणखी एक संधी बुडाली. 'टोळधाड' चार अक्षरांचा, खेळानं घेतलाच नाही. त्या टो टो करत स्वयंपाकघरात येरझारा घालू लागल्या. खांद्यामागे कुणी नसलं की माणूस किती मोकळेपणानं मूर्खासारखं वागू शकतो, याचं त्यांना नवल वाटलं. आणखी दोन संधी अशाच गेल्या. शेवटची संधी त्यांनी चिडून 'टोळकं' टाकून घालवली, आणि खेळानं करुणा आल्यासारखं उत्तर दाखवलं. टोपली.

टोपली! वहिनींचा पारा चढला तो उतरेचना. टोपली म्हणजे काय अवघड शब्द आहे? समोर फ्रीजवर टोपलीच ठेवलेली होती, तिच्यात कांदे होते! त्यांनी खेळ बनवणाऱ्याला, त्याच्या घराण्याला आणि त्या टोपलीला यथेच्छ शिव्या दिल्या. दुकानापर्यंतच्या वाटेवर त्या धुमसत होत्या. झटक्यानंतर त्या इतक्या पूर्णपणे, इतक्या स्वतःच्या स्वतः कधी हरल्या नव्हत्या. रोज कुणी तरी जिंकून द्यायचं. आजची हार मात्र वहिनींच्या एकटीच्या कमाईची होती, आणि त्या ती कुणाला देणार नव्हत्या.

काउंटरमागे त्यांचं स्टूल परत आलं होतं. दीर हिशेबाच्या टेबलावर तोंड फुगवून बसला होता. सकाळची गिऱ्हाइकं येऊन गेली. एकीला बिजागरी हवी होती, तिचं नाव वहिनींना आलं नाही, पण त्यांनी हात दाराच्या फळीसारखा उघडून-मिटून दाखवला आणि गिऱ्हाईकच म्हणालं, हो तेच. दोघी हसल्या. दुसऱ्या एकाला 'कोयंडा' असं त्यांनी एका दमात सांगितलं.

जरा उसंत मिळाल्यावर नवरा फोन घेऊन काउंटरपाशी आला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच मोकळेपणानं जवळ आला होता. "काय गं, तुझं झालं का आजचं? माझी एकच संधी उरलीय. टो आहे, पहिला टो, एवढं नक्की. पुढे ली वाटतंय. मधलंच काही सुचत नाही. अर्धा तास झाला, डोकं फुटायची वेळ आली."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. बिचारा खरोखर हैराण झाला होता. कपाळाला आठ्या, ओठ हलत होते, टो-ली, टो-ली.

"तुला कळलाय ना? सांग ना. तुझ्या तोंडावर दिसतंय, तुला कळलाय."

शब्द वहिनींच्या जिभेवर होता. पूर्ण. टो, प, ली, काना-मात्रेसकट, जागच्या जागी, दार उघडायची वाट बघत. त्या कितीतरी महिने शब्दांना बाहेर ढकलत आल्या होत्या. एखादा शब्द हातात असूनही आत ठेवायची चैन त्यांना परवडलीच नव्हती. त्यांनी ओठ मिटले. नवरा वाट बघत राहिला. त्यांनी त्याला पुरतं थांबू दिलं.

"येतोय मला," वहिनी म्हणाल्या. "सांगत नाही."